व्हर्नियरकाका

व्हर्नियरकाकांचं लॉन 12 फूट बाय 15 फूट. म्हणजे चहूबाजूंची कड 54 फूट, त्यातून फाटकाकडच्या वाटेचे 3 वजा जाता 51. हा हिशेब त्यांचाच. सातपूरच्या एका कारखान्यात मालाच्या तपासणीवर त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर माणसं नातवंडांत रमतात, काका दोषांत रमले. शर्टाच्या खिशात आपण पेन ठेवतो तिथे त्यांचा व्हर्नियर कॅलिपर असतो. खरं नाव कॉलनीत फक्त पोस्टमनला ठाऊक.

पावसाळा लागला की मेक्सिकन गवत कड ओलांडून पेव्हर ब्लॉकवर उतरतं. मशिनची पाती तिथवर पोचत नाहीत. माळी उकिडवा बसून कात्रीने ते कापतो, पण ती कड काकांना सरळ वाटत नाही. माळ्याला ती सरळ वाटते, कारण त्याच्याकडे व्हर्नियर नाही. म्हणून फिरत्या दोऱ्याने गवत कापणारा ट्रिमर घ्यायचा ठरला, पण ‘भरवशाचा’. काकांचा भरवसा अजून घड्याळावरसुद्धा बसलेला नाही. रोज संध्याकाळी सातच्या बातम्यांशी ते मनगटावरचं घड्याळ ताडून बघतात.

पेट्रोलवरचा टू-स्ट्रोक त्यांनी पहिल्या झटक्यात बाद केला. पेट्रोलमध्ये ऑइल मोजून घाला, दोरी ओढा, गल्लीभर धूर करा. तेवढ्यात काकू हाताने 51 फूट उपटून पोहे टाकतील. वायरीचा हलका आणि स्वस्त, पण वीज गेली की काठी. शिवाय गवताबरोबर वायर कापली जाण्याची भीती. राहिला बॅटरीचा. 18 व्होल्ट, 2 अँपिअर-अवर, म्हणजे 36 वॉट-अवर, असा गुणाकार काकांनी दुकानदाराच्या वहीवर करून दाखवला आणि विचारलं, “सात वर्षांनी हीच बॅटरी मिळेल असं लिहून देता?”

“काका, सात वर्षांनी दुकान असेल असं तुम्ही मला लिहून द्या.”

त्या दुकानात आता ते आले की पोऱ्या शोकेसमधला ट्रिमर उचलून आत नेतो. कारण काका तो हातात घेतात, डोकं 90 अंशांत उभं फिरवतात (कडेसाठी दोरा उभाच फिरायला हवा) आणि सांधा हलवून बघतात. “खेळतोय,” असं म्हणून खिशात हात घालतात. नायलॉनच्या दोऱ्याच्या रिळावर 1.6 मिलिमीटर छापलेलं असतं, काकांना ते 1.52 भरतं. एवढ्या फरकाने गवताचं काहीच बिघडत नाही. काकांचं बिघडतं.

मग ते कृषी प्रदर्शनाला गेले. स्टॉलभोवती दिंडोरी-निफाडकडचे बागाईतदार उभे, ब्रश कटरचे भाव करत. विक्रेत्या पोराने अदबीने विचारलं, “काका, क्षेत्र किती?”

“बारा बाय पंधरा.”

“एकरात किती होईल?”

काकांनी दशांशचिन्हापुढे शून्यं मोजून उत्तर दिलं: 0.0041. पोराने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सोबत कोणी आलंय का, ते विचारलं.

ज्ञान मात्र अफाट. अमेरिकेत ह्यूस्टनला जॉर्ज बॅलास नावाचा गृहस्थ नाच शिकवण्याचे वर्ग चालवायचा. गाडी धुणाऱ्या यंत्राचे गरगरते ब्रश पाहून त्याला कल्पना सुचली. त्याने पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून मासेमारीचा दोरा ओवला, डबा फिरवला आणि 1971 मध्ये ट्रिमर जन्माला आला. हे काका सांगतात तेव्हा ऐकत राहावंसं वाटतं, फक्त शेवटी ते दर वेळी म्हणतात, “नाचणाऱ्या माणसाचं डिझाइन. टॉलरन्स कुठून येणार?” कोवळ्या झाडाच्या बुंध्याला दोरा घासला तर साल निघते आणि झाड मरतं, हे मला त्यांच्याचकडून कळलं. जुना दोरा सुकून तटतट तुटतो, वापरण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवावा, हेही. काकूंनी एकदा मटकी उपसायला हात घातला आणि शेजारच्या पातेल्यातून दोराच निघाला. तेव्हापासून हे ज्ञान बाहेरच्या नळाखाली भिजतं.

एवढा अभ्यास डोक्यात असलेला माणूस शेजारी असल्यावर कोण स्वतः चौकशी करणार? डॉक्टरांनी काकांना विचारून वायरीचा घेतला. कोपऱ्यावरच्या प्राध्यापक बाईंनी बॅटरीचा. दोरा संपत आला की चालू मशिनचं डोकं जमिनीवर ठोकून पुढे सोडायचा, तसला मी घेतला. आपोआप दोरा सोडणारा बँकवाल्यांकडे आहे. गल्लीत बागा थोड्या आणि ट्रिमर जास्त झाले. न घेणारे एकटे काका. त्यांचं परीक्षण चालू आहे, आणि परीक्षण नमुन्याशिवाय होत नाही. म्हणून आठवड्याला एकेकाचं मशिन ते ‘बघायला’ नेतात, पट्टी लावून 51 फूट कड मारतात, आणि पुसून परत आणतात. कॉलनीत सगळ्यात सुरेख कड कोणाची म्हणाल तर त्यांचीच. कोनात रेषा मिळते तिथे मुंगीला वळताना विचार करावा लागेल. काकूंनी मागे एकदा मला हळूच सांगितलं, “घेतील हो. पण घेतल्यावर दिवसभर घरात काय करतील?”

परवा संध्याकाळी माझं मशिन घेऊन ते दारात उभे राहिले.

“कंप जास्त आहे. गार्डवरचं पातं दोरा नीट तोडत नाही. हे घेऊ नका.”

“घेतलंय काका. तुम्हीच सांगितलं होतंत.”

“मग बिल जपून ठेवा. आणि आतला दोरा संपलाय, तेवढा भरून ठेवा. शनिवारी डॉक्टरांचं तपासतो, म्हणजे रविवारी तुलनेला तुमचं लागेल. सकाळी सातला येतो. चार्ज लावून ठेवा, अर्धवट बॅटरीवर मी निकाल देत नाही.”