अकराची पाळी

लोकसभा सकाळी 11 वाजता भरते. तोवर महाड औद्योगिक वसाहतीत पहिली पाळी निम्मी उरकलेली असते. पहिला तास प्रश्नांचा. घाई असेल त्याने किमान 15 दिवस आधी सूचना द्यावी. तारांकित प्रश्न 20, तोंडी उत्तर मिळते ते जेमतेम पहिल्या चार-पाचांना. बाकी उत्तरे पटलावर ठेवली जातात आणि बहुधा तिथेच राहतात. तिथल्या सावित्री नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न अतारांकित ठरला, तर तो 230 जणांच्या रांगेत, आणि उपप्रश्नाची सोय नाही. नदीने तरी चिठ्ठीत नंबर कसा लावावा?

बाराला शून्य प्रहर. नियमावलीत हे नाव नाही, म्हणूनच उत्साह मोठा. मग एक ते दोन जेवण; यात सहसा व्यत्यय येत नाही.

दुपारी विधेयके. गणपूर्तीला एकदशांश, म्हणजे 55 सदस्य पुरतात. दहांतला एकच कामगार आला तर वसाहतीत बॉयलर पेटत नाही. दिल्लीत कायदा होतो.

वेळेचा हट्ट जुनाच. महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख 1952 मध्ये तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून निवडून गेले, अर्थमंत्री म्हणून अर्थसंकल्प मांडत ते संध्याकाळी 5 वाजता. इंग्रजांची ही वेळ सकाळी 11 वर यायला 1999 उजाडले.

शुक्रवारचे शेवटचे अडीच तास खासगी सदस्यांचे. त्यांचे एकही विधेयक 1970 नंतर संसदेत संमत झालेले नाही. सहा वाजता सभागृह सोमवारपर्यंत तहकूब होते.