बत्तीस बिटांचा माज

आफ्टर इफेक्ट्स या आमच्या कामाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट पॅनलच्या तळाशी बारीक अक्षरात '८ बीपीसी', म्हणजे रंगाच्या दर चॅनलला ८ बिट, असं दिसलं, की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. ऑल्ट दाबून त्यावर क्लिक केलं की १६, पुन्हा केलं की ३२. स्वतःच्या मशीनवर तर मी हे करतोच, पण शेजारचा चहाला गेला की त्याच्याही मशीनवर करून ठेवतो. समाजकार्यच ते! तो परत येतो तेव्हा एचडीची एकेक फ्रेम ८ एमबीवरून ३३ एमबीवर गेलेली असते, प्रिव्ह्यू रखडत असतो आणि काही इफेक्ट्सशेजारी पिवळा त्रिकोण उगवलेला असतो, कारण त्या बिचाऱ्यांचं शिक्षण ८ बिटांतच संपलेलं. त्यावर तो जे बोलतो, ते छापण्याजोगं नाही.

'पण फरक काय पडतो?' असं कुणी विचारलं की माझं प्रवचन सुरू. ८ बिटांत एका रंगाच्या पायऱ्या २५६. सूर्य उजळवायला गेलात की २५५च्या वरचं सगळं उतू गेलं. मग पुढच्या लेयरवर गॅस कितीही बारीक करा, सांडलेलं दूध पातेल्यात परत येत नाही. ३२ बिट फ्लोटमध्ये ते उतूच जात नाही. मूळ शूटिंग ८ बिटांत झालं असेल, तर ३२ केल्याने त्यात नवी एकही छटा येत नाही, हा अध्याय मी प्रवचनात घेत नाही.

घरात माझ्याबरोबर सिनेमा बघायला कुणी तयार नसतं. क्षितिजापर्यंत येताना आभाळाचा निळा ४० पायऱ्याच उतरला, तर १०८० ओळींत एकेक पायरी २७ ओळींची होते, म्हणजे चक्क पट्टे. नायिका शेवटचे श्वास घेत असते आणि मी पॉज दाबून ओरडतो, "हे बघा, बँडिंग!" यावर उपाय काय, तर वरून बारीक ग्रेन भुरभुरायचा. एवढं सोवळं पाळून शेवटी धूळच टाकायची.

रंगाची खरी पारख बघायची तर दादरला साडीच्या दुकानात आमच्या आईबरोबर बसावं. दुकानदार घडीवर घडी उलगडतो; ती मान हलवते. "हा चिंतामणी नव्हे, मोरपंखी." "हा रामा." "हा आमसुली म्हणताय, पण यात वांगी आहे." संशय आलाच तर साडी उचलून थेट दाराशी, उन्हात. दुकानातल्या ट्यूबलाइटवर तिचा काडीचा विश्वास नाही. आमच्या स्टुडिओत एवढ्याचसाठी काळे पडदे लावून मॉनिटर कॅलिब्रेट करतात. मी साडीचा फोटो व्हॉट्सअॅपवर मावशीला पाठवला, उत्तर आलं, "हिरवी छान आहे." साडी निळी होती.

मग आईला मोतीबिंदू झाला. त्यात डोळ्याचं भिंग पिवळट होत जातं आणि निळा रंग अडतो; हे इतकं हळू होतं, की माणसाला पत्ताच लागत नाही. ऑपरेशननंतर पट्टी निघाली तेव्हा ती आधी म्हणाली, "घर किती कळकट ठेवलंय रे!" आणि दुपारभर कपाट उघडून साड्या बघत बसली. एक जुनी साडी मांडीवर घेऊन म्हणाली, "ही जांभळी होती होय. मी करडी समजून कुणाला तरी देणार होते." मला काही बोलता येईना.

संध्याकाळी तिला मी केलेलं आभाळ दाखवलं. "छान आहे. पण इतकं निळं कुठे असतं?" ते मी तसं केलं नव्हतं. गाडीत बसून, ऊन पडलेल्या मोबाइलवर शॉट बघणाऱ्या निर्मात्याला 'ब्लू पॉप' हवा होता. रात्र रात्र जागून पोरं एकेक केस रोटो करतात, म्हणजे फ्रेमगणिक कोरून वेगळा काढतात, आणि निकाल लागतो सिग्नल सुटायच्या आत. याचा मात्र मला खरोखर राग येतो.

तरीही धंद्यातल्या नव्या मंडळींसाठी सांगून ठेवतो: शॉटमध्ये आभाळ, धूर, धुकं असेल तर १६, दिव्यांची झळाळी, आग असेल तर ३२. नुसती नावाची पट्टी करायची असेल तर ८ पुरतात.