भोगल्यांचा हर्षा आणि आक्कांचा नातू

"अवं बाई, ऐकलंत का? आमच्या नातवाला याड लागलंय. कंपनी सोडतो म्हणतोय!"

आक्कांच्या घरची बातमी भिंतीवरून येते. चऱ्होलीत पाणी एक दिवसाआड. पाण्याच्या दिवशी सकाळी त्या त्यांच्या अंगणात पाइप धरून उभ्या, इकडे मी. मध्ये छातीएवढी भिंत आणि तिच्यावर वाकलेला त्यांचा कढीपत्ता. मी निवृत्त शिक्षिका, म्हणून अख्ख्या गल्लीची 'बाई'. आक्का मूळच्या गावच्या. टाकी भरेपर्यंत गावातल्या तीन पिढ्यांचा हिशेब उरकतात. लोहगावहून सुखोई उठलं तरच थांबतात, आणि आवाज ओसरला की वाक्य जिथं तुटलं तिथून पुढं चालू.

"सोडतो म्हणजे? दुसरीकडे लागला का?"

"कुठं लागतोय! कॉमेंट्री करणार म्हणं, किरकेटची. टीव्हीवर तो भोगले बोलतो न्हवं, तसा व्हनार."

नातू आयटीआय झालेला. चाकणला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. रविवारी टेनिस बॉलचे सामने असतात, ते आता यूट्यूबवर लाइव्ह जातात, तिथं कुणीतरी त्याच्या हातात माइक दिला आणि तेव्हापासून स्वारी जमिनीवर नाही.

"मराठीच हाय ना तो भोगले?" आक्कांनी चौकशी सुरू केली. पहिला प्रश्न नेहमी हाच, कुणाचा, कुठला.

"घर मराठी, पण जन्म हैदराबादचा, १९६१ चा. वडील फ्रेंचचे प्राध्यापक, आई मानसशास्त्राची."

"म्हंजी मास्तराचंच पोर. मग बोलणारच की. आन शिकलाय काय?"

"केमिकल इंजिनिअर. नंतर अहमदाबादचं आयआयएम."

आक्कांच्या हातातला पाइप बादलीबाहेर गेला. "इंजनेर? आन कंपनीत न्हाई गेला?"

चाकणच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडणारच. इथं दहावीच्या निकालापासून आयुष्याची दिशा एमआयडीसीच्या गेटकडे असते. मी सांगितलं, थोडे दिवस जाहिरातीच्या कंपनीत काढले त्यानं. पण त्याच्या आधीच, एकोणिसाव्या वर्षी, हैदराबादच्या आकाशवाणीवर त्याचा आवाज लागला होता. कॉलेजात शिकता शिकता कॉमेंट्री. नोकरी सोडून मग माइक धरला असं नाही, माइक आधीपासून हातात होता.

"हे सांगा आमच्या दिवट्याला," आक्का म्हणाल्या. "आन खेळला किती?"

"हैदराबादेत क्लबकडून, उस्मानिया विद्यापीठाकडून. रणजीही नाही."

"मग घेतला कुणी ह्याला?"

सगळी गंमत या प्रश्नात आहे. रेडिओच्या जमान्यात हा प्रश्न कुणी विचारत नव्हतं. आमच्या पुण्याचे बाळ ज. पंडित मराठीतून सामना सांगायचे तेव्हा ट्रान्झिस्टरभोवती बसलेल्या माणसाला त्यांची धावसंख्या नको असायची, मैदान दिसायला हवं असायचं. टीव्ही आला, मैदान आपोआप दिसायला लागलं, आणि मग खुर्च्या माजी खेळाडूंनी घेतल्या. सुनील गावसकर १९८७ मध्ये निवृत्त झाले आणि लवकरच दूरदर्शनवर स्वतःच्या नावाचा कार्यक्रम घेऊन आले. पुढे रवी शास्त्री, संजय मांजरेकर. खेळून आलेला माणूस 'मी तिथं उभा होतो' म्हणू शकतो. न खेळलेल्यानं काय म्हणायचं?

हर्षानं त्यावर उपाय काढला, प्रश्न विचारायचा. शेजारी गावसकर बसलेत ना, मग त्यांच्याकडून काढून घ्यायचं. १९९१-९२ मध्ये भारतीय संघ ऑस्ट्रेलियाला गेला तेव्हा तिथल्या एबीसी रेडिओनं त्याला बोलावलं. ऑस्ट्रेलियन रेडिओनं बोलावलेला तो पहिला भारतीय समालोचक. १९९५ पासून ईएसपीएन. तेव्हा केबल गल्लीगल्लीत पोचत होती आणि चॅनेलवाल्यांना बोलणारी माणसं हवी होती. सामना तर सांगितलाच, पण शाळेच्या पोरांची क्विझ घेतली, गप्पांचे कार्यक्रम केले, प्रवासाच्या चॅनेलवर भारत फिरवून आणला. नवीन निवेदक शोधायची स्पर्धा झाली तिचं नावच 'हर्षा की खोज'. अझरुद्दीनचं चरित्र लिहिलं. २००८ मध्ये आयपीएल सुरू झालं तर मुंबई इंडियन्सचा सल्लागार. बायको अनिता आयआयएममधलीच वर्गमैत्रीण. दोघांनी मिळून पुस्तक लिहिलं आणि कंपन्यांत जाऊन साहेबलोकांना खेळातलं शहाणपण सांगायला लागले.

"म्हंजी इंजनेर शेवटी कंपनीत गेलाच," आक्का म्हणाल्या. "फकस्त भाषण द्यायला."

मी हसले, पण आक्का गंभीर होत्या. "आमचे धाकले भाऊजी आठवतात का?"

त्यांचे दीर घाटावरचे निवेदक. बैलगाड्याचा घाट ज्यानं पाहिला नाही त्याला सांगते, गाडा खालून सुटतो आणि वर पोचतो तो दहा-बारा सेकंदांचा मामला. बाकी सबंध दिवस माइकवाल्यानं भरायचा. क्रिकेटचंही तसंच की! चेंडू हवेत काही क्षण, बाकी वेळ तोंड चालवायचं. भाऊजींची एक लांबुडकी हिशेबाची वही असायची, लाल कापडी बांधणीची, कोपरे घामानं काळे पडलेले. तीत गावाचं नाव, गाडामालक, त्याच्या वडिलांचं नाव, बैलांची नावं, मागच्या घाटाला किती सेकंदांत बारी मारली ते. पानाच्या कडेला बारीक अक्षरात 'आजोबा पैलवान', 'लेकाचं लग्न झालं' असल्या नोंदी. माइकवरून आजोबांचं नाव निघालं की मालकाचा फेटा दोन इंच वर. लोकांना वाटायचं, काय बुद्धी आहे! बुद्धी कसली, वही.

"२०१४ ला कोर्टानं शर्यती बंद केल्या," आक्का सांगत होत्या. "बैलवाल्यांचं सगळ्यांनी लिवलं. माइकवाल्याचं कुणी लिवलं का? सात वरीस, बाई. पर भाऊजी बसले न्हाईत. लग्नात सूत्रसंचालन केलं, सप्त्यात निवेदन केलं, पुढाऱ्यांचे वाढदिवस, गणपतीची बक्षिसं. एकदा तर दुकानाच्या उद्घाटनाला दिवसभर प्रेशर कुकरचं गुणगान गायलं. २०२१ च्या डिसेंबरात परवानगी आली तवा गळा तयारच होता."

आता मला राहवेना. "आक्का, हर्षाचं तंतोतंत हेच झालं." २०१६ चा टी-ट्वेंटी विश्वचषक. बांगलादेशाविरुद्ध भारत एका धावेनं जिंकला आणि अमिताभ बच्चननी नाव न घेता टोला हाणला, की भारतीय समालोचकानं आपल्या खेळाडूंबद्दल जास्त बोलावं. धोनीनं त्याला दुजोरा दिला. पुढच्याच महिन्यात आयपीएल सुरू व्हायच्या तोंडावर हर्षाचं नाव यादीतून गळालं. कारण आपल्याला कुणीच सांगितलं नाही, असं त्यानं स्वतः फेसबुकवर लिहिलं.

"कॉन्ट्रॅक्ट रिन्यू न्हाई केलं." आक्कांनी एका वाक्यात निकाल लावला. या गल्लीत त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. गेटवर कार्ड चालत नाही, इतकंच कळतं. कारण सुपरवायझरलाही ठाऊक नसतं.

"पण चूल विझली नाही त्याची. लिहिणं होतं, भाषणं होती, क्रिकबझवर बसून सामन्यांवर बोलणं होतं. २०१८ मध्ये आयपीएलनं परत बोलावलं."

"मग? दहा ठिकाणी हात मारणाऱ्याला लोक नावं ठेवत्यात. ह्या माणसाला त्याच हातांनी तारलं."

सरकारी नोकरीत जन्म काढलेल्या मला हे इतक्या सरळ कधी सुचलं नसतं.

पाणी अजून चालू होतं, म्हणून मांजरेकरांचा विषय निघाला. २०१९ चा नोव्हेंबर, कोलकात्याला गुलाबी चेंडूची कसोटी. चेंडू दिसतो की नाही ते खेळाडूंना विचारायला हवं, असं हर्षा म्हणाला. त्यावर मांजरेकर थेट माइकवरच म्हणाले, विचारायची गरज तुला आहे, आम्ही क्रिकेट खेळलेलो आहोत. दोघं मराठी घरांतले, आणि भांडण इंग्रजीत, साऱ्या देशासमोर! मांजरेकरांनी नंतर त्याबद्दल खेद व्यक्त केला. पण माझं मत आजही तेच आहे. विचारणं हे हर्षाचं उणेपण नव्हतं, तोच त्याचा धंदा होता. सगळंच माहीत असलेला माणूस माइकवर दोन षटकांत कंटाळा आणतो.

हर्षाची सगळीच बाजू घेते असं समजू नका. त्याचं गोड बोलणं कधी कधी अति होतं, प्रत्येक जण 'अफलातून' असतो. आणि २०२२ मधला तो प्रकार तर निव्वळ चावटपणा. इन्स्टाग्रामवर लाइव्ह गप्पा चालू असताना अचानक आरडाओरडा केला, मोबाइल पडला, हा गायब. लोकांना वाटलं माणसावर हल्ला झाला. नंतर कळलं, जाहिरात होती. माफी मागितली, पण आमच्या ह्यांचं ब्लड प्रेशर वाढलं ते वाढलंच.

"आन आपल्या पुण्याचा तो जाधव?"

आक्कांना सगळं ठाऊक असतं. २०२३ ला जिओसिनेमानं आयपीएल मराठीतून दाखवलं, तेव्हा केदार जाधव मराठी कॉमेंट्रीला होता. मे महिन्यात बेंगळुरूचा डेव्हिड विली दुखापतीनं बाहेर गेला आणि संघानं केदारला उचलला. काल स्टुडिओत, आज पॅड बांधून. सगळे खेळ सोडून माइककडे येतात, हा माइक सोडून खेळाकडे गेला.

एवढ्यात थर्ड शिफ्ट करून नातू आला. खांद्याला डब्याची पिशवी, डोळे लाल. आक्कांनी फर्मान सोडलं, "बाईंना करून दाखव." मीही मास्तरीण. त्याचा मोबाइल घेतला, गहुंज्याच्या सामन्यातला तुकडा काढला, १९ ऑक्टोबर २०२३, बांगलादेशाविरुद्ध कोहलीनं षटकार मारून शतकही पुरं केलं आणि सामनाही संपवला तो. आवाज बंद केला आणि मोबाइल भिंतीवर कढीपत्त्याला टेकवून ठेवला.

पोरगं सुटलं. "नसुम अहमद धाव घेतोय... कोहली पुढे सरसावतोय... आणि चेंडू हवेत, उंच, उंच, आणि हा षटकार! कोहलीनं हेल्मेट काढलंय, राहुल मिठी मारतोय, प्रेक्षक उभे राहिलेत—"

"आरं बाबा," आक्का म्हणाल्या, "ते मला दिसतंय की."

पोरगं गप्प.

त्याला मी मग बसवून सांगितलं. टीव्हीवर डोळ्यांना जे दिसतं ते तोंडानं सांगायचं नसतं. कोहली शतकाजवळ आलाय म्हणून राहुल एकेरी धाव नाकारत होता, हे सांग. गहुंज्याचं मैदान २०१२ चं, मुंबईच्या एक्स्प्रेस वेपासून जवळ, पुणेकर तिथं पोचेपर्यंत निम्मा डाव संपतो, हे सांग. रिची बेनॉ षटकारावरही गप्प राहायचे, कारण गर्दीचा आवाज माणसापेक्षा चांगला बोलतो. शिवाय हे सगळं करताना कानातल्या हेडफोनमध्ये दिग्दर्शक सारखा बोलत असतो, आता रिप्ले येतोय, आता ब्रेक, इतके सेकंद उरलेत. ते ऐकत ऐकत आपलं वाक्य न तुटता पुरं करायचं. मराठी कॉमेंट्रीवाले तर बहुतेक वेळा मैदानात नसतातच, स्टुडिओत पडद्यासमोर बसून बोलतात. म्हणजे प्रेक्षकाला जे दिसतं त्यापेक्षा त्यांनाही जास्त दिसत नाही. जास्तीचं जे काही असेल ते वहीतून यायचं.

"कंपनीत लाइन चालू असताना सुपरवायझर कानाशी ओरडतोच की," नातू म्हणाला. "त्याची सवय आहे."

हे मात्र झकास होतं. असं माइकवर बोल म्हटलं.

आक्का घरात गेल्या आणि लाल वही घेऊन आल्या. भाऊजी आता थकले, घाटावर जात नाहीत. वही उघडून त्यांनी कोरं पान काढलं आणि भिंतीवरून नव्हे, सरळ नातवाच्या हातात दिली. "रविवारी खेळणाऱ्या पोरांची नावं, गावं, बापाचं नाव. लिवल्याबिगर माइकला हात लावायचा न्हाई. आन कंपनी सोडायची न्हाई. माइकचा पैसा पगाराइतका झाला की मला येऊन सांग, मग बघू."

तेव्हा तूर्त ठरलंय ते असं. चाकणची शिफ्ट चालू, रविवारी माइक. पोराचा आवाज चांगला आहे, बडबड थोडी कमी व्हायला हवी, ती होईल. कुणाच्या मंडळाचे टेनिस बॉलचे सामने असतील, लग्नाचं सूत्रसंचालन असेल, गणपतीचं बक्षीस वितरण असेल, तर चऱ्होलीत आक्कांच्या नातवाला विचारा. पहिल्या शिफ्टचा आठवडा असेल तर संध्याकाळीही येईल. दिवसाचे पैसे मात्र आधी ठरवा, ते आक्का ठरवतात.