दरडोई, पण कोणाची डोई?

परवा आमच्याकडे तिसरा एसी बसला, हॉलमध्ये. "आउटडोअर कुठं ठेवू?" असं मिस्त्रीने विचारलं आणि मी हात करून जागा दाखवली. पुढचा तासभर घरात ड्रिलची घरघर आणि गाराव्याची स्वप्नं.

दीड टनी एसी रात्रभर चालला की सात-आठ युनिट सहज जातात. कोळशाच्या विजेला युनिटमागे साधारण सहा-सातशे ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे आमची एक झोप पाच किलो कोळशाची. तो जळताना हवेतला ऑक्सिजन सोबत घेतो, त्यामुळे पाच किलोचा सात-आठ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. एका रात्रीत एवढी वाढ! आमच्या म्युच्युअल फंडाने काहीतरी शिकावं.

विजेचं बरं असतं, कोळसा घरात दिसत नाही. तो जळतो तिकडे चंद्रपूरला. २९२० मेगावॉटचं केंद्र, उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे. राख चंद्रपूरकरांच्या दोरीवरच्या कपड्यांवर, गारवा आमच्या पांघरुणावर. हो, पांघरुणावरच. अठरावर एसी लावला की मे महिन्यातही पांघरूण लागतंच.

लेकीच्या वहीत प्रश्न होता : हवामानबदलाची मानवनिर्मित कारणे लिहा. मी तयारच होतो. म्हटलं, लिही : आपला माणूस वर्षाला सरासरी दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, अमेरिकेतला चौदाच्या आसपास. इंग्रजांनी शतकभराहून जास्त काळ कोळशावर वीज केली आणि शेवटचं केंद्र २०२४ मध्ये बंद केलं. पंगत उठल्यावर यांचा उपास! आधी त्यांना विचारा.

यातलं एक अक्षरही खोटं नाही. म्हणून तर ते इतकं सोयीचं आहे.

"मावशींचे पण दोन टन?" लेकीने विचारलं.

आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींच्या खोलीत एक पंखा, एक ट्यूब आणि वर पत्रा. सिलिंडर पुरवून पुरवून वापरतात. दोन टन कुठले? पण त्या कमी सोडतात म्हणून तर सरासरी दोनवर राहते आणि त्या सरासरीत आमचे तीन एसी, दोन गाड्या आणि दिवाळीतली बँकॉकची सहल बिनबोभाट मावते. जागतिक परिषदेत देश 'दरडोई' म्हणतो तेव्हा मोजायला डोई मावशींची असते. मुंडासं मात्र आम्ही बांधून बसतो.

हे लेकीला सांगितलं नाही. "उत्तर दोन ओळींत लिहायचं असतं," एवढंच म्हणालो.

मावशी मात्र दोन दिवस भांडी लवकर आटपून जातायत. काल विचारलं, एवढी कसली घाई?

"दादा, ड्राय बाल्कनीत उभं राहवत नाही हो," त्या म्हणाल्या. "तुमचा तो नवा डबा तोंडावर फुफाटा मारतोय."