नागरिकशास्त्र मुलांच्या हाती लागू देऊ नका

इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र असले विषय मुलांच्या माथी कशाला मारायचे, असं पुष्कळ पालक विचारतात. त्यांचं म्हणणं साधं आहे: याला स्कोप नाही. दहावीला ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’मध्ये सहापैकी एक विषय गळतो आणि गळायचा तो हाच, हे घरात आधीच ठरलेलं असतं. शाळाही समजूतदार. पोर्शन मागे पडला की गणिताचे सर इतिहासाचा तास मागून घेतात. इतिहासाच्या सरांनी गणिताचा तास मागितल्याचा पुरावा मात्र कुठल्याही दफ्तरात सापडायचा नाही.

माझा विरोध याहून गंभीर कारणासाठी आहे. हे विषय शिकवले की काही मुलं ते खरं धरून चालतात.

२०२२च्या जूनमध्ये पुण्यात सहावीत गेलेली एखादी मुलगी डोळ्यांपुढे आणा. पुस्तकात तिने वाचलं की शहराचा कारभार महानगरपालिका पाहते, नगरसेवकांना लोक निवडून देतात, निवडणूक दर पाच वर्षांनी होते. प्रत्यक्षात महापालिकेची मुदत मार्चमध्येच संपली होती, नगरसेवक माजी झाले होते आणि कारभार प्रशासकांच्या हाती गेला होता. पण चाचणीत ‘शहराचा कारभार कोण चालवते?’ याखाली ‘प्रशासक’ असं लिहिलं असतं तर गुण गेले असते. मुलगी हुशार. शहरात नसलेले नगरसेवक तिने उत्तरपत्रिकेत हजर केले आणि पैकीच्या पैकी घेतले.

सातवीत संविधान आलं. पालिकेची मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, ही तरतूद १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीतली. आठवीत संसद आली. नगरसेवक काही आले नाहीत. ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात होता, प्रभागरचना पुन्हा पुन्हा कागदावर मांडली जात होती. मुंबईत नगरसेवकांच्या जागा २२७च्या २३६ झाल्या, सरकार बदललं तशा पुन्हा २२७ झाल्या. पालकांच्या लाडक्या गणितात याचं उत्तर शून्य येतं; त्यात वर्षं किती गेली हे विचारायची पद्धत नाही. मे २०२५मध्ये सुप्रीम कोर्टाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून बजावलं आणि पुढे ३१ जानेवारी २०२६पर्यंत मुदत वाढवून दिली. तोवर आमची मुलगी नववीत पोचली होती.

असं मूल घरात बाळगणं सोपं नाही. भूगोलच बघा. सातवीत समोच्चरेषा शिकवतात. त्या ज्याला वाचता येतात त्याला सोसायटीच्या पार्किंगखाली कधीकाळी ओढा वाहत होता हेही दिसायला लागतं. २०१९च्या सप्टेंबरात, २५ तारखेच्या रात्री, आंबिल ओढ्याने हाच धडा पुण्यातल्या मोठ्या माणसांना घरात घुसून शिकवला, आणि त्यात माणसं गेली. पण म्हणून शाळकरी पोराने बिल्डरच्या ऑफिसात जाऊन नकाशा उघडावा? फ्लॅटचे भाव पडतील.

इतिहासाने तर नाती बिघडतात. इतिहासाची साधनं तीन: भौतिक, लिखित, मौखिक. इकडे काका रोज सकाळी चहाच्या आधी फॅमिली ग्रुपवर ताजा इतिहास टाकतात. त्याखाली पुतणीने विचारावं, ‘काका, यातलं साधन कुठलं?’ काकांना ‘फॉरवर्ड’ हे चौथं साधन म्हणून सांगता येत नाही. गणपतीपर्यंत अबोला.

सरकारला हा धोका कळला असावा, अशी शंका येते. निवडणूक शिकवणारे गुरुजीच निवडणुकीच्या कामाला जुंपले जातात आणि शिक्षणहक्क कायद्यानेही तेवढी वाट मोकळी ठेवली आहे. गुरुजी मतदारयादी हातात घेऊन जिने चढत असतात, वर्गात मॉनिटर फळ्यावर बडबड्यांची नावं लिहीत असतो. नावं टिपून यादी करण्याचं प्रात्यक्षिक दोन्हीकडे चालू. धडा मात्र ‘घरी वाचून या’.

काही मुलं खरंच घरी वाचतात, ही अडचण. यंदा जानेवारीत एकदाची निवडणूक लागली. आमच्या नववीतल्या मुलीच्या दारात चौघांचं पॅनल उभं राहिलं. हात जोडले, पत्रक दिलं, ‘आईबाबा आहेत का?’ म्हणून विचारलं.

‘प्रभाग समितीची बैठक कधी असते?’ मुलीने विचारलं.

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातल्या ज्येष्ठांनी मायेने विचारलं, ‘कितवीत आहेस गं बाळा?’

‘नववीत.’

चौघांचेही चेहरे खुलले.

‘पण पुढच्या वेळी मला मत असणार,’ ती म्हणाली. ‘पाच वर्षांनी.’

‘पाच वर्षांनी? असं कोण म्हणालं?’

‘पुस्तकात आहे.’

चौघंही मनापासून हसले आणि त्यांनी शेजारची बेल दाबली.