तिधारी मंडळी

नांदूर मधमेश्वरला माणसं पक्षी बघायला जातात. गोदावरी-कादवेच्या संगमावरचा इंग्रजी अमदानीतला बंधारा गाळानं भरत गेला, दलदल झाली, पक्षी आले आणि 2020 साली ही रामसर यादीतली महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा म्हणून जाहीर झाली. गर्दी थंडीत. आम्ही गेलो ऑक्टोबरात, कारण सोबतच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांना लव्हाळ्याच्या कुळातलं एक झुबकाभर प्रकरण ओळखायचं होतं आणि ही मंडळी पावसाळा सरताना फळांवर येतात.

गाइडला आमची दया आली. "सर, पक्षी डिसेंबरात येतील."

"पक्षी नकोत हो, गवत बघायचंय," मी म्हणालो.

"गवत नाही!" सर कडाडले. आणि तिथल्याच चापडगावच्या चिखलात उकिडवं बसून शिकवणी सुरू झाली. दांडी बोटांत धरून फिरवा. गवताची गोल, बहुधा पोकळ, पेरापेरांची. लव्हाळ्याच्या कुळाची भरीव, बिनपेराची आणि बहुतेकदा तिधारी. खरंच तीन धारा लागल्या. मला वाटलं झालं काम. पण या कुळात साडेपाच हजारांच्या आसपास जाती आहेत. मग भिंग निघालं. कणसातले खवले दोन ओळींत असले तर सायपेरस, मळसूत्री असले तर फिंब्रिस्टायलिस असू शकतं. पुढचा निकाल फळावर, आणि फळ मोहरीहूनही बारीक! तेही पिकलेलं हवं. कच्चं असलं की भलेभले पंडित हात वर करतात. गाइड दुर्बीण उलटी धरून आमच्याकडे बघत होता.

एवढ्यात बांधावरचे एक शेतकरीबाबा आले. "लव्हाळा हाये तो. आमच्या कांद्यात चला, ट्रॉलीभर देतो. पैसे बी नको."

"बाबा, तुमच्या कांद्यातला सायपेरस रोटुंडस. हा सायपेरस इरिया वाटतोय."

"आडनाव एकच हाये ना?"

सर गप्प. बाबांनी आपल्याच बांधावरचं तसलं एक रोप उपटलं, मुळं झटकली. "गाठी न्हाईत. मग ह्यो गरीब हाये." रोटुंडसची खरी मस्ती त्या जमिनीखालच्या गाठींत. वर उपटा, खाली शिल्लक. 1977 च्या एका प्रसिद्ध ग्रंथानं त्याला जगातलं सर्वांत वाईट तण ठरवलं. तीच गाठ आयुर्वेदात मुस्ता म्हणून मान खाते, ही गंमत बाबांना सांगायचा धीर मला झाला नाही. इरिया वर्षायू, मुळं नुसती तंतूंची, कणसं पिवळसर. सरांनी भिंगातून तिधारी फळ बघितलं आणि बाबांच्या निकालावर शिक्कामोर्तब केलं.

थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 मध्ये मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची छापली, तिच्यात ही सगळी मंडळी आहेत. तुम्ही जाणार असाल तर दहापट मोठं दाखवणारं भिंग न्या, अभयारण्यातलं काही उपटू नका, आणि बुडाखाली घ्यायला गोणपाट ठेवा. गुडघ्यांबद्दल कुकसाहेबांनी काही लिहिलेलं नाही.