बुटांच्या खोक्यांतील पांडित्य

संग्राहक म्हटला की नाणी, पोस्टाची तिकिटे किंवा जुन्या तलवारी डोळ्यांपुढे येतात, आणि त्यांच्यामागे त्या पुसण्यात हयात घालवलेला, पाहुण्याला कशालाही हात लावू न देणारा एखादा गृहस्थ उभा दिसतो. ह्यू निब्ली (१९१०–२००५) या चौकटीत बसत नाहीत. अमेरिकेतील युटा राज्यात, प्रोव्हो येथील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात प्राचीन इतिहास आणि धर्म शिकवणाऱ्या या प्राध्यापकांनी जन्मभर जमवली ती टिपणांची कार्डे, आणि त्यांना मखमली कप्पे नव्हते, तर बुटांची रिकामी खोकी होती. लिलावात ज्याला कोणी कवडी देणार नाही असा संग्रह करणे हे वैराग्याचे लक्षण मानावे की लोभाचे, हा प्रश्न त्यांच्या चरित्राच्या अभ्यासकाला सुटत नाही, कारण पैशाविषयी कमालीचे निरिच्छ असलेले निब्ली माहितीच्या बाबतीत मात्र अत्यंत हावरट होते.

निब्ली मॉर्मन होते, म्हणजे जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलेल्या ख्रिस्ती पंथाचे अनुयायी होते. हा पंथ बायबलच्या जोडीने ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथ पवित्र मानतो, अनुयायांकडून मिळकतीचा दहावा हिस्सा घेतो आणि मद्य व तंबाखूबरोबर चहा-कॉफीही वर्ज्य ठरवतो. चहाचा घोटही न घेता माणसाची विनोदबुद्धी चौऱ्याण्णव वर्षे शाबूत राहू शकते, ही बाब मराठी वाचकाला पंथाच्या इतर कोणत्याही चमत्कारापेक्षा पचायला जड जाईल. निब्लींचे आजोबा लाकडाच्या धंद्यात गबर झालेले आणि पंथाच्या ऐहिक कारभाराचे प्रमुख होते. नातवाने मात्र ओरेगनमधील जंगलांची तोड लहानपणी पाहिली आणि पुढे वृक्षांची बाजू घेऊन संपत्तीच्या मोहावर इतके कोरडे ओढले, की दशांश इमानाने भरणाऱ्या सुखवस्तू श्रोत्यांना व्याख्यानातून उठून जाणेही अवघड व्हावे.

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकत असताना त्यांनी ग्रंथालयाच्या नवव्या मजल्याच्या एका कोपऱ्यापासून सुरुवात करून, महत्त्वाचे वाटेल ते प्रत्येक पुस्तक हाताळत पहिल्या मजल्यापर्यंत उतरण्याचा संकल्प सोडला होता. सामान्य विद्यार्थी विषय ठरवून पुस्तके शोधतो, आणि निब्लींनी इमारत ठरवून विषय शोधला, असे म्हणावे लागते. १९३८ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली ती रोमन लोकांच्या सार्वजनिक खेळांमागील प्राचीन वार्षिक विधींवरील प्रबंधासाठी.

दुसऱ्या महायुद्धात हे डॉक्टर महाशय साधे शिपाई म्हणून भरती झाले आणि मास्टर सार्जंटच्या हुद्द्यापर्यंत चढले. त्यांचे काम १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनच्या, म्हणजे छत्रीने व ग्लायडरने (इंजिन नसलेल्या, दुसऱ्या विमानाने ओढून नेलेल्या विमानाने) उतरणाऱ्या सैन्याच्या, गुप्तवार्ता विभागात होते. शत्रूच्या कोणत्या तुकड्या कोठे आहेत आणि त्यांचे अधिकारी कोण, याची बारीकसारीक नोंद ठेवणे हे ते काम होय. थोडक्यात, लष्कराने त्यांना पगार देऊन पुन्हा कार्डेच भरायला बसवले. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ते जीप हाकत उतरले, आणि त्या किनाऱ्याला दोस्तांनी दिलेले सांकेतिक नाव योगायोगाने ‘युटा’ असे होते. होडीतून बाहेर पडताच जीप पाण्यात गेली, तोफा चालूच होत्या, आणि त्या घटकेला आपल्या मनात ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथ किती अद्भुत आहे हाच विचार घोळत होता, असे ते पुढे सांगत. अशा प्रसंगी देव आठवणारे पुष्कळ असतात. ग्रंथसमीक्षा सुचणारा विरळा.

१९४६ मध्ये ते प्रोव्होला आले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. श्रद्धा अढळ असली तरी जीभ स्वाधीन नव्हती. १९६० च्या पदवीदान समारंभात प्रारंभीची प्रार्थना म्हणण्याचा मान त्यांना मिळाला, तेव्हा डोळे मिटून उभ्या असलेल्या झगाधारी विद्वज्जनांच्या वतीने त्यांनी देवाला निवेदन केले, की आम्ही आज येथे एका खोट्या पुरोहितवर्गाचे काळे झगे घालून जमलो आहोत. प्रार्थनेत अडथळा आणणे शिष्टसंमत नसल्यामुळे हा घरचा आहेर सर्वांना ‘आमेन’ म्हणून स्वीकारावा लागला. तेवीस वर्षांनी, १९८३ मध्ये, त्याच विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली, तेव्हा त्यांनी भाषणाच्या आरंभीच त्या प्रार्थनेची आठवण करून दिली आणि मग नेते व व्यवस्थापक यांतील फरक सविस्तर समजावून सांगितला. समोर बसलेल्यांत व्यवस्थापकांचा तुटवडा नसावा.

त्यांच्या पांडित्यावर आक्षेप आहेत आणि ते किरकोळ नाहीत. इजिप्तपासून मध्य आशियापर्यंत कोठलाही विधी उचलून आपल्या पंथाच्या विधीशेजारी ठेवायचा आणि साम्य दिसले की आनंदित व्हायचे, ही त्यांची पद्धत स्वपंथीय अभ्यासकांनाही खटकली, कारण एवढी कार्डे हाताशी असली की कशाचेही कशाशीही जुळते. तळटिपा तपासणाऱ्या संपादकांच्या वाट्याला जे आले, ते तर स्वतंत्र करुणरसाचा विषय आहे.

विद्यार्थ्यांनी मात्र या संग्राहकाचाच संग्रह केला. विसरभोळेपणा, गबाळे कपडे, वर्गाच्या दारापाशी पोचण्याआधीच सुरू होणारे व्याख्यान अशा त्यांच्याविषयीच्या आख्यायिका इतक्या वाढल्या, की लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी त्या रीतसर गोळा केल्या. त्यांतील काही जगातल्या प्रत्येक विसरभोळ्या प्राध्यापकाच्या नावावर खपतात, त्यामुळे खऱ्या किती हे सांगणे कठीण आहे.

शेवटची बरीच वर्षे ते ‘हायपोसेफॅलस’ या विषयावर, म्हणजे प्राचीन इजिप्तमध्ये ममीच्या डोक्याखाली ठेवल्या जाणाऱ्या चित्रांकित चकतीवर, एक ग्रंथ लिहीत होते, आणि प्रत्येक नवे टिपण सापडले की तो पुढे ढकलला जात होता. अखेर त्यांच्या निधनानंतर पाच वर्षांनी, २०१० मध्ये, सहलेखकाने तो पुरा केला आणि समग्र वाङ्मयाचा एकोणिसावा खंड म्हणून तो छापला गेला. भर घालण्यासाठी लेखक हजर नसल्यामुळेच हे जमले, असे मानायला जागा आहे.